गेलेला कर्करोग परत का येतो?

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात मी पेशीविभाजनावर बोलत होते. तास संपला, सगळे चहाला गेले. एक शिक्षिका मात्र मागे थांबल्या. फळ्यावरच्या आकृतीकडे पाहत त्यांनी विचारले, "मॅडम, आमच्या शाळेतल्या शिपाईमामांना गालाचा कॅन्सर झाला होता. शहरात नेऊन ऑपरेशन केले. डॉक्टर म्हणाले, सगळे काढले आहे. मामा कामावर परत आले, घंटा देऊ लागले. दीड वर्षाने मानेत गाठ आली आणि पुढच्या सहा महिन्यांत मामा गेले. सगळे काढले होते, तर मग परत आले कुठून?"

मी उत्तर देणार तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या, "मी मामांसाठी विचारत नाही. माझ्या धाकट्या दिरांच्या जिभेच्या कडेला जखम झाली आहे. तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, पण हे तयार नाहीत. म्हणतात, मामांना चाकू लागला म्हणूनच तो पसरला. त्यांना मी काय सांगू?"

मला परतीची बस गाठायची होती. मी घाईघाईत दोन वाक्ये बोलले आणि निघाले. ती दोन वाक्ये पुरेशी नव्हती, हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आले. म्हणून हे सविस्तर उत्तर. मी प्रयोगशाळेत पेशींवर काम करणारी संशोधक आहे, रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. कोणी कोणता उपचार घ्यावा हे मी सांगणार नाही. ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचे. पण कर्करोग परत का येतो आणि कोणाच्या बाबतीत तसा धोका जास्त असतो, यामागचे विज्ञान आपण शिक्षकांनी समजून घ्यायला हवे. गावात असे प्रश्न शेवटी आपल्याकडेच येतात.

'सगळे काढले' म्हणजे किती?

आधी एक हिशेब करू. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशा दहा दुपटी झाल्या की १,०२४ पेशी होतात. वीस दुपटींनंतर १०,४८,५७६, म्हणजे सुमारे साडेदहा लाख. तीस दुपटींनंतर १,०७,३७,४१,८२४, म्हणजे शंभर कोटींच्याही वर. शंभर कोटी पेशींची गाठ साधारण १ सेंटिमीटरची, वजनाला सुमारे १ ग्रॅम असते. बोटाला लागते ती एवढी झाल्यावर.

आता उलट दिशेने पाहा. दहा लाख पेशींचा पुंजका केवढा असेल? साधारण १ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. तो बोटाला लागत नाही, आणि शरीरात खोल असेल तर स्कॅनमध्येही बहुधा दिसत नाही. पण तेथून १ सेंटिमीटरच्या गाठीपर्यंत पोहोचायला आणखी दहाच दुपटी लागतात. प्रत्यक्ष शरीरात वाढ इतकी शिस्तीत होत नाही. बऱ्याच पेशी मरतात, काही दीर्घकाळ निपचित राहतात. तरी मुद्दा तोच राहतो. सर्जन जेव्हा 'सगळे काढले' म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ 'दिसत होते आणि हाताला लागत होते ते सगळे काढले' असा असतो. त्यात खोटेपणा नसतो. डोळ्यांची आणि यंत्रांची मर्यादा असते.

मामांच्या मानेतली गाठ दीड वर्षाने 'आली', असे आपण म्हणतो. बहुधा तिच्या पेशी ऑपरेशनच्या दिवशीही तेथे होत्या. त्या दिसण्याइतक्या वाढल्या, तेव्हा आपल्याला त्यांचा पत्ता लागला.

पेशी जातात कोणत्या वाटेने?

कर्करोगाची पेशी आणि साधी पेशी यांत महत्त्वाचा फरक असा की साधी पेशी आपली जागा सोडत नाही. गालाच्या अस्तराची पेशी अस्तरातच राहते. कर्करोगाच्या पेशीचे हे बंधन सुटलेले असते. ती शेजारच्या भागात शिरते, आणि तेथून पुढे जायला तिला चार वाटा मिळतात.

पहिली वाट शेजारची, म्हणजे गाठीच्या कडेने आजूबाजूच्या स्नायूत शिरण्याची. दुसरी, मज्जातंतूंच्या भोवतालच्या आवरणातून सरकण्याची. तिसरी लसिका वाहिन्यांची. पायाला ठेच लागून पिकली की जांघेत गाठ येते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ती गाठ म्हणजे लसिका ग्रंथी. पायातून येणारी लसिका आधी तेथे गाळली जाते. तशी तोंडातली लसिका मानेतल्या ग्रंथींत जाते. म्हणून तोंडातल्या कर्करोगाच्या सुट्या पेशी बहुतेक वेळा प्रथम मानेत अडकतात. चौथी वाट रक्ताची, जी फुप्फुसे, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत नेते.

भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग हा सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण भारतात होते. या रोगात परत येण्याची पहिली ठिकाणे दोन. एक, जेथून गाठ काढली तीच जागा. दुसरे, मान. आणि बहुतेक वेळा हे पहिल्या दोन-तीन वर्षांत घडते. म्हणूनच सुरुवातीच्या काळात तपासणीला वारंवार बोलावतात. 'आता काही दुखत नाही, कशाला जायचे?' असे म्हणून ज्या खेपा आपण चुकवतो, त्याच सर्वांत मोलाच्या असतात.

रिपोर्टमधल्या खुणा

काढलेली गाठ तपासायला जाते आणि काही दिवसांनी एक रिपोर्ट येतो. घरचे लोक त्यात एकच शब्द शोधतात, कॅन्सर आहे की नाही. खरे तर परत येण्याच्या धोक्याविषयीची महत्त्वाची माहिती पुढच्या ओळींत असते.

पहिली खूण खोलीची. गाठ वरून किती पसरली आहे यापेक्षा ती आत किती खोल गेली आहे, हे तोंडाच्या कर्करोगात जास्त महत्त्वाचे ठरते. जिभेवरची पसरट पण उथळ जखम आणि लहान पण खोल गेलेली जखम यांत दुसरी जास्त धोक्याची असू शकते, कारण खोलवर लसिका वाहिन्या आणि मज्जातंतू भेटतात. २०१८ पासून वापरात आलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तोंडाच्या कर्करोगाची अवस्था ठरवताना ही खोलीही धरली जाते. ५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर हे त्यातले दोन टप्पे.

दुसरी खूण कडेची. गाठीभोवती निरोगी भागाचा एक काठ ठेवून ती कापतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा काठ ५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक मोकळा दिसला, तर तो पुरेसा समजतात. त्याहून कमी असेल तर पेशी मागे राहिल्याची शक्यता वाढते.

तिसरी खूण मानेतल्या ग्रंथींची. किती ग्रंथींत पेशी सापडल्या? त्या ग्रंथीच्या आवरणाच्या आतच आहेत की आवरण फोडून बाहेर आल्या आहेत? बाहेर आल्या असतील, तर धोका बराच वाढतो. चौथी खूण मज्जातंतूंची, त्यांच्याभोवती पेशी दिसल्या की नाही.

या खुणा भविष्य सांगण्यासाठी नसतात. त्यांवरून पुढचा उपचार ठरतो. काठ मोकळा नसेल किंवा ग्रंथीचे आवरण फुटले असेल, तर ऑपरेशननंतर किरणोपचार देतात, ज्याला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाईट देणे' म्हणतात. अशा रुग्णांना किरणोपचारासोबत केमोचे औषध दिले तर मूळ जागी आणि मानेत रोग उलटण्याचे प्रमाण कमी होते, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांतून दिसले. हा शेकही वेळेवर हवा. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत तो सुरू व्हावा असा प्रयत्न असतो. 'जरा अंगात ताकद येऊ दे, सुगी होऊ दे, मग बघू' असे म्हणता म्हणता तीन महिने जातात, आणि तेवढ्यात मागे राहिलेल्या पेशींच्या दुपटी चालूच असतात.

मुंबईतला एक प्रयोग

जिभेचा किंवा गालाचा कर्करोग लहान आहे आणि मानेत हाताला काहीच लागत नाही. अशा वेळी मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात, की वाट पाहून गाठ आली तरच काढाव्यात? या प्रश्नावर जगभरच्या सर्जनांत कित्येक दशके दोन मते होती. आधीच काढा म्हणणारे सांगत, पेशी तेथे लपलेल्या असू शकतात. थांबा म्हणणारे सांगत, अनेकांच्या मानेत काहीच निघत नाही. मग त्यांना जास्तीची जखम आणि खांद्याचा अशक्तपणा का द्यायचा? दोन्ही बाजूंना तर्क होता, पुरावा नव्हता.

तो पुरावा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मिळवला. २००४ ते २०१४ या काळात अशा रुग्णांची त्यांच्या संमतीने दोन गटांत विभागणी केली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांनी ठरवले नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरले. असे का? डॉक्टरांनी निवडले असते, तर नकळत अधिक आजारी माणसे एका गटात गेली असती आणि तुलना फसली असती. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आधीच मान साफ केलेल्या २४५ रुग्णांपैकी ८१ जणांत रोग उलटला. वाट पाहिलेल्या २५५ पैकी १४६ जणांत उलटला, आणि त्यातल्या बहुतेकांत तो मानेतच होता. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात दर १०० पैकी ८० जण हयात होते, दुसऱ्या गटात साडेसदुसष्ट. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पहिल्या गटात मान वरून अगदी स्वच्छ वाटत असतानाही दर १० पैकी जवळजवळ ३ रुग्णांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी सापडल्या. म्हणजे बोटांनी 'काही नाही' म्हटले, तेव्हाही तेथे काहीतरी होते.

या निष्कर्षानंतर जगभरच्या उपचारपद्धतीला आधार मिळाला. वर्गात 'वैज्ञानिक पद्धत' शिकवताना आपण परदेशांतलीच उदाहरणे देतो. हे उदाहरण परळमधले आहे.

चाकू लागल्याने पसरतो का?

आता त्या दिरांच्या भीतीकडे येऊ. ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे, आणि तिला हसून उडवून देऊ नये. ऑपरेशनमध्ये गाठ हाताळली जाते, तेव्हा काही पेशी रक्तात सुटतात, हे खरे आहे. पण सुटणे वेगळे आणि रुजणे वेगळे.

इंग्लंडमधले सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. पसरलेला रोग सगळ्या अवयवांत सारखा आढळायला हवा होता, पण तो काही ठराविक अवयवांतच वारंवार दिसत होता. त्यांनी त्याची तुलना बी आणि माती यांच्याशी केली. बी वाऱ्याने सगळीकडे जाते, उगवते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच. पुढे १९७० साली अमेरिकेत आयझया फिडलर यांनी कर्करोगाच्या पेशींना किरणोत्सारी खूण लावून त्या उंदरांच्या रक्तात सोडल्या. २४ तासांनंतर हजारातली एकही पेशी धड जिवंत उरली नव्हती, आणि नव्या गाठी धरणाऱ्या पेशी तर दहा हजारांत एकीहूनही कमी होत्या. रक्तप्रवाह हा कर्करोगाच्या पेशीला मानवणारा प्रदेश नव्हे.

आता तराजूच्या दोन पारड्यांत काय येते ते पाहा. एकीकडे ऑपरेशनच्या तासा-दोन तासांत सुटलेल्या, बहुतेक मरणाऱ्या पेशी. दुसरीकडे जागेवर ठेवलेली गाठ, जी दररोज, दर तासाला पेशी सोडत राहते आणि शिवाय खोलही जाते. ऑपरेशन टाळल्याने पसरणे थांबत नाही, ते चालू राहते. मामांचा रोग पसरला असेल तर तो चाकू लागण्याच्या आधीच पसरला असण्याची शक्यता मोठी. ऑपरेशन आणि मानेतली गाठ या एकामागून एक घडलेल्या गोष्टी. पण आधी घडले म्हणजे कारण झाले, असे होत नाही. कोंबडा आरवल्यामुळे सूर्य उगवत नाही, हे आपण मुलांना शिकवतोच.

शास्त्रज्ञांनी या लोकसमजातला खरा अंश मात्र सोडून दिलेला नाही. स्तनाच्या कर्करोगावरील ऑपरेशनच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचून काय होते, हे टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातील अनेक केंद्रांत तपासले. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात, तेच स्वस्त औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. पाच वर्षांनंतर इंजेक्शन न दिलेल्या गटात दर १०० पैकी ८६.४ स्त्रिया हयात होत्या, दिलेल्या गटात ९०.१. हाताळणीच्या क्षणाचा काही परिणाम होत असावा, असे यावरून दिसते. मात्र त्यातून निघालेला उपाय ऑपरेशन टाळण्याचा नाही. ते अधिक सुरक्षित करण्याचा आहे.

बी काढले, माती तीच

येथवर आपण मागे राहिलेल्या पेशींविषयी बोललो. पण रोग परत येण्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात जुने काही मागे राहिलेले नसते. त्याच जमिनीत नवे उगवते.

१९५३ साली अमेरिकेतील डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीशेजारचा जो भाग डोळ्यांना निरोगी दिसत होता, तोही सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेला होता. दर १० पैकी एकाहून अधिक रुग्णांत एकापेक्षा जास्त स्वतंत्र गाठी होत्या. कारण उघड आहे. वर्षानुवर्षे तंबाखू लागली ती एका पेशीला नाही, साऱ्या तोंडाला. गाठ ही त्या नासलेल्या शेतातले पहिले उगवलेले तण.

आशियाई रुग्णांत कर्करोग जास्त उलटतो का, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. जणू 'आशियाई' असणे हीच एक शारीरिक खूण आहे. पण आशियात एकच एक माती नाही. जपानमध्ये जठराचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, तैवानमध्ये यकृताचा, आपल्याकडे तोंडाचा. वंशाचा भाग काही बाबतींत असतो, तरी राहणीचा भाग किती मोठा असतो हे अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी लोकांच्या अभ्यासातून दिसले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेथेच जन्मलेल्या पुढच्या पिढीत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण उतरलेले आढळले. वंश तोच होता, माती बदलली होती.

मग रोग झाल्यावर माती बदलली तर? जपानमध्ये नेमके हेच करून पाहिले. जठराच्या कर्करोगामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू असतो. त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांचा सुरुवातीच्या अवस्थेतला कर्करोग दुर्बिणीने काढला होता, अशा ५४४ जपानी रुग्णांचे यदृच्छेने दोन समान गट केले. एका गटाला जिवाणू मारणारी औषधे दिली, दुसऱ्याला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत औषध घेतलेल्या गटात ९ जणांना नवी गाठ आली, न घेतलेल्या गटात २४ जणांना.

तैवानमध्ये यकृताच्या कर्करोगाचे मोठे कारण ब प्रकारच्या काविळीचा विषाणू, म्हणजे हिपॅटायटिस बी. गाठ काढली तरी विषाणू यकृतात राहतोच. २०१२ साली तेथील ४,५६९ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूला आवरणारी औषधे घेतलेल्यांत सहा वर्षांत रोग परत येण्याचे प्रमाण दर १०० मागे सुमारे ४६ होते, न घेतलेल्यांत सुमारे ५५. येथे गट यदृच्छेने पाडलेले नव्हते, आधी झालेल्या उपचारांच्या नोंदी पाहिल्या होत्या. म्हणून हा पुरावा जपानच्या किंवा मुंबईच्या प्रयोगाइतका भक्कम म्हणता येत नाही. तरी दोन्हींची दिशा एकच आहे.

आपली माती

आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगात माती बिघडवणारी गोष्ट जिवाणू किंवा विषाणू नाही. ती खिशातल्या पुडीत असते: तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा, मावा, खर्रा. त्यांच्या जोडीला विडी-सिगारेट आणि दारू.

ऑपरेशन झाले, आता काय उरले, म्हणून पुन्हा पुडी सुरू करणारे रुग्ण असतात. किंवा 'आता तर झालाच आहे, सोडून काय मिळणार?' असा हिशेब करतात. हा हिशेब चुकीचा आहे. कॅनडात डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या ११५ रुग्णांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. किरणोपचार चालू असतानाही धूम्रपान करणाऱ्यांपैकी दर १०० मागे ४५ जणांची गाठ पूर्ण विरघळली. न करणाऱ्यांत हे प्रमाण ७४ होते. दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ३९ आणि ६६. रोग झाल्यावरही सोडण्याला अर्थ असतो.

सुपारीविषयी मात्र आपल्याकडे फार गैरसमज आहे. ती पूजेत असते, पानदानात असते, जेवणानंतर पाहुण्याला दिली जाते. त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ ठरवले आहे. तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालत नाहीत, तरीही तेथे सुपारी चघळणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग आढळतो. सुपारीने गालाच्या आतले अस्तर घट्ट आणि पांढरट होत जाते, आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर डॉक्टरांना दाखवायला हवे.

महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तरी आवाराच्या भिंतीशी पडलेल्या रिकाम्या पुड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. शिवाय साधी सुपारी या कायद्यात येत नाही, कारण ती तंबाखू नाही. तेथे कायद्यापेक्षा शिक्षकाचे बोलणेच उपयोगी पडेल.

धोका म्हणजे भविष्य नव्हे

'धोका जास्त आहे' याचा अर्थ 'होणारच' असा लोक घेतात, आणि 'धोका कमी' म्हणजे 'होणारच नाही' असा. मुंबईच्या प्रयोगात वाट पाहिलेल्या गटातही शंभरातल्या ४० हून अधिक जणांत रोग उलटला नाही, आणि मान साफ केलेल्या गटातही तेहतीस जणांत उलटला. एका माणसाच्या बाबतीत काय होईल हे आकडे सांगू शकत नाहीत. कोणती वाट धरली तर शंभरांपैकी अधिक माणसे वाचतात, एवढे ते सांगतात. निर्णय घेताना तेवढे पुरेसे असते.

वर्गात एवढे करता येईल. दुपटींचा तक्ता मुलांना मांडू द्यावा आणि वीस व तीस यांमधले अंतर त्यांच्याच लक्षात येऊ द्यावे. ८१ भागिले २४५ आणि १४६ भागिले २५५ यांची शेकडेवारी काढायला द्यावी, आणि नुसती ८१ व १४६ यांची तुलना का करू नये ते विचारावे. मुलांना आरसा आणि बॅटरी घेऊन घरच्या मोठ्यांचे तोंड पाहायला सांगावे. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर दवाखाना गाठावा. हे पोरखेळ वाटू नये. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून जवळजवळ १ लाख ९२ हजार लोकांचा समावेश असलेला अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या लोकांची तोंडे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तपासली. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाले. लवकर सापडलेली गाठ उथळ असते, आणि उथळ गाठ परत येण्याचा धोका कमी असतो.

शिबिरानंतर दोनेक महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला. दीर ऑपरेशनला तयार झाले होते, मानेतल्या ग्रंथीही काढल्या होत्या. रिपोर्ट समोर ठेवूनच त्या बोलत होत्या. खोली ४ मिलिमीटर, काठ मोकळा, एकाही ग्रंथीत पेशी नाहीत. हे चांगले लक्षण आहे, पण दर खेपेची तपासणी चुकवू नका, असे मी सांगितले.

त्या म्हणाल्या, "तंबाखू सोडली आहे त्यांनी. पण विचारतात, जेवणानंतर साधी सुपारी तरी चालेल का?"

मी म्हटले, "नाही. तीसुद्धा नको."